पिट्यूटरीचे आजार: निदान आणि उपचार, योग्य क्रमाने

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, हाडाच्या छोट्या खोबणीत पिट्यूटरी ग्रंथी असते. वजन साधारण अर्धा ग्रॅम, आकार वाटाण्याएवढा. शाळेच्या पुस्तकात तिला पियुषिका म्हणतात. थायरॉइड, मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी, अंडाशय आणि वृषणं यांना कामाचा हुकूम तिच्याकडून जातो. उंची वाढणं, अंगावर दूध येणं आणि शरीरातल्या पाण्याचा तोल राखणं यांतही तिचाच हात असतो.

या ग्रंथीचे बहुतेक आजार आटोक्यात येतात, काही तर फक्त गोळ्यांनी. तरीही रुग्ण वर्षानुवर्षं भटकतात, कधी त्यांना टाळता आली असती अशी इजाही होते. त्यामागे बऱ्याचदा क्रम चुकलेला असतो: रक्ताच्या तपासणीआधी एमआरआय, कॉर्टिसॉल (अॅड्रिनल ग्रंथींचं, जीव तगवणारं हॉर्मोन) न पाहता थायरॉइडची गोळी, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हॉर्मोन) न मोजता शस्त्रक्रिया. म्हणून हा लेख तपासण्या आणि उपचार ज्या क्रमाने व्हायला हवेत, त्याच क्रमाने लिहिला आहे. औषधांचे डोस दिले आहेत ते समजून घेण्यासाठी. तुमचा डोस तुमचे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हॉर्मोनचे डॉक्टर, ठरवतील.

सगळ्यात आधी: ही तातडीची वेळ तर नाही ना?

अचानक, कधीच झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी, सोबत उलट्या, धूसर किंवा दुहेरी दिसणं, एक पापणी खाली पडणं, गुंगी. पिट्यूटरीतल्या गाठीत रक्तस्राव झाला किंवा तिचा रक्तपुरवठा तुटला की असं चित्र दिसतं. याला पिट्यूटरी अपोप्लेक्सी म्हणतात. अनेकांना त्या क्षणापर्यंत आपल्याला गाठ आहे हेच माहीत नसतं. इथे ओपीडीची तारीख घेऊन थांबायचं नाही, थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. तिथे रक्ताचा नमुना घेऊन, रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिझोनचं, म्हणजे औषधाच्या रूपातल्या कॉर्टिसॉलचं, इंजेक्शन सुरू करतात, कारण अशा वेळी कॉर्टिसॉलची कमतरता जीव घेऊ शकते. नजर वेगाने जात असेल, तर न्यूरोसर्जनला लगेच बोलावावं लागतं.

पहिली पायरी: लक्षणं एका कागदावर आणा

पिट्यूटरीचा रुग्ण पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जातो, डोकेदुखीसाठी न्यूरॉलॉजिस्टकडे, नजरेसाठी डोळ्यांच्या डॉक्टरकडे आणि थकव्यासाठी फॅमिली डॉक्टरकडे. प्रत्येकाला चित्राचा एक तुकडा दिसतो. हे तुकडे घरच्या माणसांनी एका कागदावर मांडले, तरी निदान बरंच जवळ येतं. मांडताना तीन गोष्टी शोधायच्या: कुठलं हॉर्मोन जास्त झालंय का, कुठलं कमी पडलंय का, आणि वाढलेली गाठ शेजाऱ्यांवर दाबतेय का.

जास्त होण्याच्या खुणा: गरोदर नसताना किंवा अंगावर पाजत नसताना स्तनांतून दूध येणं, पाळी थांबणं, पुरुषांत कामेच्छा जाणं. अंगठी बोटात न जाणं, चपलेचा नंबर मोठेपणी वाढणं, जबडा पुढे येणं, दातांत फटी पडणं, घोरणं, भरपूर घाम. किंवा चेहरा गोल आणि लाल होणं, पोटावर बोटभर रुंदीचे जांभळे पट्टे, साध्या धक्क्याने काळंनिळं पडणं, मांड्यांची ताकद जाऊन उकिडवं बसल्यावर उठता न येणं. चेहऱ्यातला बदल इतका सावकाश होतो की रोज पाहणाऱ्यांना तो कळत नाही. दहा वर्षांपूर्वीचा फोटो सोबत न्या. अॅक्रोमेगॅलीच्या, म्हणजे ग्रोथ हॉर्मोन जास्त झाल्याने हातपाय आणि जबडा वाढण्याच्या आजाराच्या, निदानात असा फोटो फार मदत करतो.

कमी पडण्याच्या खुणा जास्त फसव्या असतात: न संपणारा थकवा, उभं राहिल्यावर चक्कर, भूक मरणं, थंडी सहन न होणं, दाढी विरळ होणं. बाळंतपणात खूप रक्त गेलं, नंतर दूध उतरलंच नाही आणि पाळीही परत आली नाही, असं कोणत्याही बाईने सांगितलं तर पिट्यूटरीचा विचार झालाच पाहिजे. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. या बायका कित्येक वर्षं ‘अशक्तपणा’ या एका शब्दाखाली टॉनिकवर काढतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण ‘दूध आलं होतं का?’ हा एक प्रश्न विचारायला अर्धा मिनिटही लागत नाही. डोक्याला मोठा मार, मेंदूला दिलेलं रेडिएशन, कॅन्सरसाठीची काही इम्युनोथेरपी औषधं, यांचाही उल्लेख कागदावर हवा.

दाबाची मुख्य खूण नजरेत दिसते. डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात ती जागा पिट्यूटरीच्या बरोबर वर असते. गाठ वर सरकली की दोन्ही बाजूंच्या कडांचं दिसणं कमी होतं. समोरचं नीट वाचता येतं, म्हणून माणूस गाफील राहतो. मात्र दाराच्या चौकटीला खांदा लागतो, बाजूने येणारी गाडी दिसत नाही.

शेवटी औषधांची पूर्ण यादी करा. अॅसिडिटीच्या आणि उलटीच्या गोळ्या, मानसोपचाराची औषधं, त्वचेची मलमं, दम्याचे पंप, सांध्यांत घेतलेली इंजेक्शनं, घटक न लिहिलेल्या पुड्या, केसांसाठीची व्हिटॅमिन्स, गर्भनिरोधक गोळ्या. यांतली प्रत्येक गोष्ट पुढच्या एखाद्या रिपोर्टचा अर्थ बदलू शकते.

दुसरी पायरी: रक्त, तेही योग्य वेळी

पहिल्या फेरीत सकाळी ८च्या सुमाराचं कॉर्टिसॉल, टीएसएच (थायरॉइडला जाणारा पिट्यूटरीचा हुकूम) आणि सोबत फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हॉर्मोन), प्रोलॅक्टिन, आयजीएफ-१ (ग्रोथ हॉर्मोनचा अंदाज देणारं), एलएच आणि एफएसएच (अंडाशय आणि वृषणांना जाणारे हुकूम), पुरुषांत सकाळचं टेस्टोस्टेरॉन, पाळी बिघडलेल्या स्त्रीत इस्ट्राडिओल, शिवाय सोडियम, साखर आणि क्रिएटिनिन. केसांच्या गोळ्यांमधलं बायोटिन अनेक हॉर्मोन चाचण्या बिघडवतं, म्हणून ते काही दिवस आधी डॉक्टरांना विचारून बंद करा.

फक्त टीएसएच करून थांबणं ही इथली मोठी चूक आहे. पिट्यूटरीच बिघडली असेल तर फ्री टी४ खाली असूनही टीएसएच ‘नॉर्मल’ छापून येतं, रिपोर्टवर एकही लाल बाण नसतो आणि थायरॉइड ठीक असल्याचं सांगून रुग्णाला घरी पाठवलं जातं. उलट, पाळी कायमची गेलेल्या स्त्रीत एफएसएच खूप वर असायला हवं. ते खाली असेल, तर बाकी काही दिसत नसलं तरी पिट्यूटरीकडे बोट जातं.

सकाळचं कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर कमतरता जवळपास नक्की. १५च्या वर असेल तर ती बहुधा नाही. मधल्या पट्ट्यासाठी २५० मायक्रोग्रॅम कृत्रिम एसीटीएच (अॅड्रिनल ग्रंथींना हुकूम देणारं पिट्यूटरीचं हॉर्मोन) टोचून अर्ध्या आणि एका तासाने पुन्हा कॉर्टिसॉल मोजतात. पिट्यूटरीला नुकतीच इजा झाली असेल तर अॅड्रिनल ग्रंथी अजून आक्रसलेल्या नसतात आणि ही चाचणी खोटा दिलासा देऊ शकते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तिच्यावर विसंबू नये. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या रक्तातलं एकूण कॉर्टिसॉल वर दाखवतात, आणि स्टेरॉइड चालू असेल तर आकडा खाली येतो. म्हणून औषधांची ती यादी.

तिसरी पायरी: प्रोलॅक्टिनचा आकडा वाचायला शिका

पिट्यूटरीच्या हॉर्मोन बनवणाऱ्या गाठींत प्रोलॅक्टिनोमा सगळ्यात जास्त आढळतो आणि त्याचा मुख्य उपचार गोळी आहे. त्यामुळे इथे चूक झाली तर ती फार महागात पडते.

सामान्य प्रोलॅक्टिन साधारण २० ते २५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत असतं. थोडं वाढलेलं दिसलं की आधी गरोदरपण, थायरॉइडची कमतरता, मूत्रपिंडाचा आजार आणि औषधं तपासायची. डोमपेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड, लेव्होसल्पिराइड, रिस्पेरिडोन ही नेहमीची नावं. मानसोपचाराचं औषध मात्र स्वतःहून बंद करू नका, ते देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. लक्षणं काहीच नसतील तर प्रयोगशाळेला मॅक्रोप्रोलॅक्टिन तपासायला सांगतात. हा रक्तात फिरणारा निरुपद्रवी मोठा रेणू असतो आणि त्यामुळे आकडा उगीच फुगतो.

२५०च्या वरचा आकडा प्रोलॅक्टिनोमाकडेच झुकतो. खरी गोची मधल्या आकड्यांत असते. समजा गाठ ३ सेंटिमीटरची आहे आणि प्रोलॅक्टिन ७०. याचे दोन अर्थ निघतात. पहिला असा की गाठ वेगळीच आहे, ती फक्त पिट्यूटरीच्या देठावर दाबतेय आणि त्यामुळे प्रोलॅक्टिनवरचा मेंदूचा लगाम सैल झालाय. अशा रुग्णाला गोळी दिली तर आकडा खाली येतो, गाठ मात्र वाढतच राहते. दुसरा अर्थ नेमका उलटा: प्रोलॅक्टिन इतकं प्रचंड आहे की चाचणीच गोंधळली आणि खोटा कमी आकडा दाखवतेय. नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा तपासला की हे उघड होतं. मोठी गाठ आणि मध्यम प्रोलॅक्टिन असेल तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, ‘नमुना पातळ करून पाहिलाय का?’ या एका प्रश्नाने एखाद्याची शस्त्रक्रिया टळू शकते.

चौथी पायरी: संशय असेल तर पुराव्याची चाचणी

अॅक्रोमेगॅलीसाठी आयजीएफ-१ वाढलेलं आढळलं आणि खात्री हवी असेल, तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तास ग्रोथ हॉर्मोन मोजतात. निरोगी माणसात ते १ नॅनोग्रॅमच्या खाली जातं, अॅक्रोमेगॅलीत जात नाही. कधीतरी सहज काढलेल्या एकाच ग्रोथ हॉर्मोनच्या आकड्यावरून काही ठरत नाही, कारण ते दिवसभर वरखाली होत असतं.

कुशिंगचं, म्हणजे कॉर्टिसॉल जास्त होण्याच्या आजाराचं, निदान मात्र धीराचं काम आहे. बाहेरून जाणारं स्टेरॉइड वगळल्यावर तीनपैकी किमान दोन चाचण्या बिघडलेल्या हव्यात. रात्री उशिराच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, २४ तासांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल, आणि रात्री ११ ते १२च्या दरम्यान १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी ८ला मोजलेलं कॉर्टिसॉल. ते १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली दबायला हवं. रात्रपाळी करणाऱ्यांत लाळेची चाचणी फसवते.

२४ तासांची लघवी बहुतेक लोक चुकीची गोळा करतात, म्हणून नीट सांगतो. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ कॅनवर लिहायची. तिथून पुढची प्रत्येक लघवी, शौचाच्या वेळची आणि मध्यरात्रीचीसुद्धा, कॅनमध्येच. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची पहिली लघवी आत टाकून कॅन बंद करायचा. तोवर तो थंड जागी ठेवायचा. मधली एक जरी वाया गेली तरी प्रयोगशाळेला तसं सांगा आणि पुन्हा सुरुवात करा. त्या दिवशी पाच लिटर पाणी पिऊ नका, त्यानेही आकडा चढतो.

कुशिंग सिद्ध झालं की एसीटीएच मोजतात. ते दबलेलं असेल तर दोष अॅड्रिनल ग्रंथीत, नसेल तर पिट्यूटरीत किंवा क्वचित शरीरात दुसरीकडे. एमआरआयमध्ये गाठ नीट दिसली नाही किंवा अगदीच लहान दिसली, तर मांडीतल्या शिरेतून बारीक नळ्या नेऊन पिट्यूटरीच्या दोन्ही बाजूंचं रक्त घेतात आणि हातातल्या रक्ताशी त्याची तुलना करतात. ही तपासणी नेहमी करणाऱ्या केंद्रातच करावी.

पाचवी पायरी: आता एमआरआय आणि नजर

एमआरआय आधी का नको? कारण दर शंभरातल्या सुमारे दहा माणसांच्या पिट्यूटरीत लहानशी निरुपद्रवी गाठ सापडतेच. रक्ताची दिशा नसताना सापडलेली गाठ माणसाला घाबरवते आणि कधी निष्पाप गाठीवरच चाकू चालतो. नजर कमी होत असेल तर मात्र क्रम मोडायचा, एमआरआय लगेच.

चिठ्ठीवर नुसतं ‘मेंदूचा एमआरआय’ नको. पिट्यूटरीसाठी बारीक कापांचा, कॉन्ट्रास्टसह, असं स्पष्ट लिहून घ्या. साध्या एमआरआयमध्ये ४ मिलिमीटरची गाठ सहज निसटते. १० मिलिमीटरपेक्षा लहान ती मायक्रोअॅडिनोमा, त्याहून मोठी मॅक्रो. यांतल्या जवळपास सगळ्या गाठी कॅन्सरच्या नसतात. गाठ डोळ्यांच्या नसांना टेकलेली असेल तर पेरिमेट्री करून घ्या, म्हणजे नजरेच्या कडांचा नकाशा. तो जपून ठेवा, पुढची तुलना त्याच्याशीच होणार आहे.

उपचार

हॉर्मोन न बनवणारी, १० मिलिमीटरपेक्षा लहान गाठ असेल तर काहीच करायचं नसतं. वर्षाने एमआरआय, तो स्थिर असेल तर पुढे अंतर वाढवत जायचं. मोठ्या पण नसांपासून दूर असलेल्या गाठीचा पहिला फेरएमआरआय सहा महिन्यांनी.

प्रोलॅक्टिनोमाला कॅबरगोलीन. आठवड्याला पाव ते अर्धा मिलिग्रॅमपासून सुरुवात, रात्री, काहीतरी खाल्ल्यावर, म्हणजे मळमळ आणि चक्कर कमी होते. मोठ्या गाठीतसुद्धा काही आठवड्यांत नजर सुधारते. हे औषध काहींच्या स्वभावावर परिणाम करतं: जुगार, बेसुमार खरेदी, अनावर कामेच्छा. रुग्णाला स्वतःला ते जाणवत नाही किंवा सांगायला लाज वाटते, म्हणून घरच्यांना आधीच कल्पना द्या. गाठ फार मोठी असेल आणि गोळी सुरू झाल्यावर नाकातून पाणी गळू लागलं तर लगेच कळवा. प्रोलॅक्टिन सामान्य आणि एमआरआय स्वच्छ असेल, तर किमान दोन वर्षांनी गोळी बंद करून पाहता येते. पाळी परत येण्याआधीच गर्भ राहू शकतो, हे जोडप्यांना माहीत हवं. गर्भधारणा नक्की झाली की गोळी सहसा थांबवतात, मोठ्या गाठीत मात्र ते आधी ठरवून घ्यावं लागतं.

अॅक्रोमेगॅली, कुशिंग आणि नजरेवर दाबणाऱ्या इतर गाठी यांना पहिला उपचार म्हणजे नाकावाटे केलेली शस्त्रक्रिया. कवटी उघडावी लागत नाही. निकाल बऱ्याच अंशी सर्जनच्या हातावर अवलंबून असतो, म्हणून पिट्यूटरीच्या शस्त्रक्रिया नियमित करणारी टीम शोधा, त्यासाठी प्रवास करावा लागला तरी. अॅक्रोमेगॅलीत जीभ आणि जबडा मोठा असल्याने भूल देताना श्वासनळीत नळी घालणं अवघड जातं, भूलतज्ज्ञांशी आधी बोला. साखर, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं आणि मोठं आतडं यांची तपासणीही त्याच उपचाराचा भाग. शस्त्रक्रियेनंतर आयजीएफ-१ वर राहिलं तर ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडची महिन्याची इंजेक्शनं असतात.

घरी आल्यावर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून, वाकून वजन उचलायचं नाही. पुढे वाकल्यावर नाकातून स्वच्छ पाणी टपकत असेल किंवा घशात खारट चव येत असेल तर ती सर्दी समजू नका, मेंदूभोवतालचा द्रव गळत असू शकतो. साधारण सातव्या दिवशी सोडियम तपासा. चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ते अचानक उतरू शकतं: डोकेदुखी, मळमळ, गोंधळ.

कुशिंगच्या शस्त्रक्रियेनंतर कॉर्टिसॉल पार खाली जाणं ही चांगली बातमी असते. रुग्णाला मात्र त्याच वेळी अंगदुखी, गळून जाणं, उदासी घेरते, कारण शरीराला वर्षानुवर्षं जास्त कॉर्टिसॉलची सवय झालेली असते. ऑपरेशन फसलं असं त्याला वाटतं. हायड्रोकॉर्टिझोन हळूहळू कमी करत हे सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतं, आणि ते आधी सांगितलेलं असलं की सोसायला सोपं जातं.

कमी पडलेलं भरून देताना

इथे एक नियम मोडायचा नाही: आधी कॉर्टिसॉल, मग थायरॉइड. थायरॉक्सिनने शरीरातलं उरलंसुरलं कॉर्टिसॉल लवकर संपतं आणि आधीच कमतरता असलेला माणूस कोसळू शकतो. हायड्रोकॉर्टिझोन दिवसाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम, मोठा भाग उठल्याउठल्या, उरलेला दुपारी. त्यानंतर थायरॉक्सिन, आणि त्याचा डोस फ्री टी४ पाहून ठरवायचा. टीएसएच खाली दिसलं म्हणून कोणी डोस कमी करायला सांगितला तर आपल्याला पिट्यूटरीचा आजार आहे हे सांगा. ज्या पुरुषाला मूल हवंय त्याला टेस्टोस्टेरॉन देत नाहीत, त्याने शुक्राणू घटतात. त्याच्यासाठी वेगळी इंजेक्शनं असतात.

हायड्रोकॉर्टिझोन घेणाऱ्या प्रत्येकाला आजारपणाचे नियम पाठ हवेत. ३८ अंशांच्या वर ताप आला तर डोस दुप्पट, ३९च्या वर तिप्पट, बरं वाटेपर्यंत दोन-तीन दिवस. उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर वाट पाहायची नाही: १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिझोन मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत आणि मग रुग्णालय. औषध पावडरच्या स्वरूपात असेल तर कुपीत सोबतचं पाणी सोडायचं, विरघळेपर्यंत हलवायचं, सिरिंजमध्ये ओढायचं, सुई काटकोनात टोचायची. मुदत संपलेल्या कुपीवर घरातल्या निदान दोघांनी हा सराव करून ठेवा. शुद्ध हरपलेल्या माणसाला ते स्वतः टोचता येणार नसतं. पाकिटात स्टेरॉइड कार्ड ठेवा आणि दात काढण्यापासून मोठ्या ऑपरेशनपर्यंत प्रत्येक ठिकाणी ते दाखवा.

पाण्याचा तोल

६० किलोच्या माणसाला दिवसाला ३ लिटरहून जास्त, पाण्यासारखी लघवी होत असेल, रात्री पुन्हा पुन्हा उठून थंड पाणी प्यावंसं वाटत असेल आणि साखर व कॅल्शियम ठीक असेल, तर पिट्यूटरीच्या मागच्या भागातून येणारं व्हॅसोप्रेसिन, म्हणजे लघवीवाटे जाणारं पाणी रोखणारं हॉर्मोन, कमी पडत असू शकतं. पाणी तोडून करायची चाचणी रुग्णालयातच, घरी कधीही नाही. आजाराचं जुनं नाव डायबिटीस इन्सिपिडस. मधुमेहाशी घोटाळा होऊन भरती रुग्णांना त्यांचं औषधच मिळालं नाही आणि काही दगावले, म्हणून २०२२मध्ये तज्ज्ञांनी व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी हे नवं नाव सुचवलं. भरती होताना दोन्ही नावं सांगा आणि डेस्मोप्रेसिन हे त्यावरचं औषध चुकू देऊ नका. गोळी चालू असताना मात्र तहानेपुरतंच पाणी प्या. सवयीने घटाघटा पीत राहिलात तर सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरतं. हायड्रोकॉर्टिझोन सुरू केल्यावर लघवी एकदम वाढली तर घाबरू नका, पण कळवा: कॉर्टिसॉलच्या कमतरतेखाली हा दोष झाकलेला असू शकतो.

पुढची वर्षं

शस्त्रक्रियेनंतरचा पहिला एमआरआय साधारण तीन महिन्यांनी, त्याआधीची सूज फसवते. गाठ उरली आणि वाढू लागली तर रेडिएशनचा पर्याय असतो, पण त्याचा परिणाम उभ्या ग्रंथीवरही होतो आणि हॉर्मोन दहा वर्षांनंतरसुद्धा एकेक करून कमी पडू शकतात. त्यामुळे रेडिएशन घेतलेल्या माणसाने बरं वाटत असतानाही दरवर्षी सकाळचं कॉर्टिसॉल, फ्री टी४, लैंगिक हॉर्मोन्स आणि आयजीएफ-१ तपासत राहायचं. एमआरआयच्या सीडी, ऑपरेशनच्या नोंदी आणि प्रत्येक रिपोर्टवरची रक्त घेतल्याची वेळ एकाच फाइलमध्ये ठेवा. नवीन डॉक्टर सगळ्यात आधी तेच मागतील.